पालथं पडायला लागलेलं बाळ: रात्री उठून उताणं करायचं की तसंच झोपू द्यायचं?

रानजाई
९ जुलै, पहाटे ३:२०

मुलगी परवा साडेचार महिन्यांची झाली. गेल्या गुरुवारी मालीश झाल्यावर सतरंजीवर ठेवली होती, तर एका कुशीवर झाली, हात अंगाखाली अडकला, जरा कुरकुरली आणि पडली की पालथी! आईने लगेच गूळ-खोबरं वाटलं, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. घरात सगळे खूश होते. त्या रात्रीपासून माझी झोप मात्र गेली आहे.

मी तिला उताणंच झोपवते. अर्ध्या-पाऊण तासात ती झोपेतच पालथी होते, नाक गादीत. मी उठून सरळ करते, ती दचकून रडते, मग दूध, मग थोपटणं, की पुन्हा पालथी. काल रात्री अकरा वेळा उठले. पालथं पडता येतं, पण परत उताणं होणं तिला अजून जमत नाही. एखाद्या वेळी मला जागच आली नाही तर, या विचाराने डोळा लागत नाही.

मी सध्या माहेरी, सांगलीला आहे. मोठ्या पलंगावर भिंतीच्या बाजूला ती, अलीकडे मी. बारशाला आलेला छत्रीच्या मच्छरदाणीचा छोटा बिछाना आहे, मऊ फोमचा, दोन्हीकडे लोड आणि डोक्याखाली राईची उशी. रात्री दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळते, नाहीतर दचकते. आई म्हणते लोड दोन्हीकडून घट्ट लाव, म्हणजे वळणारच नाही. सासूबाई म्हणतात झोळी बांध. नवरा पुण्याला असतो, तो पायात घालायचा सेन्सरवाला मोजा मागवायचं म्हणतोय. पुढच्या महिन्यात माझी बाळंतपणाची रजा संपते. ज्यांची मुलं या टप्प्यातून गेलीत त्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय केलंत?

---

केतकी_डोंबिवली
९ जुलै, सकाळी ७:०५

बाकीचं सविस्तर जाणकार सांगतील. दुपट्यात गुंडाळणं मात्र आज रात्रीपासून बंद कर. हात आत बांधलेले असताना ती पालथी झाली तर छाती उचलायला आणि मान वळवायला तिच्याकडे काहीच उरत नाही. आमच्या डॉक्टरांनी मला तीन महिन्यांच्या लसीलाच सांगितलं होतं, कुशीवर व्हायची धडपड दिसली की दुपटं सुटलं पाहिजे. पहिल्या तीन-चार रात्री दचकून उठेल, मग सवय होते.

---

नवा_बाबा
९ जुलै, सकाळी ९:४०

पलंगाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे घडलं आहे. मुलगा पाच महिन्यांचा होता. दोन्हीकडे उश्या लावून बायको अंघोळीला गेली, मी बाहेरच्या खोलीत होतो. धप्प आवाज आला. उशीसकट खाली. तो लगेच रडला, म्हणजे शुद्धीत होता, तरीही आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चोवीस तास लक्ष ठेवायला सांगितलं: सारख्या उलट्या, उठवूनही न उठणं, झटका, टाळू फुगलेली वाटणं, न थांबणारं रडणं, यातलं काहीही दिसलं तर तडक या. देवाच्या कृपेने काही झालं नाही. त्या दिवसापासून गादी जमिनीवर घातली ती अजून तिथेच आहे.

---

मिरजकरीण
९ जुलै, दुपारी २:१५

रानजाई, मी नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे, पंधरा वर्षं झाली. तुझं पोस्ट डबा खाताना वाचलं आणि ड्युटी संपताच लिहायला बसले. लांब होईल, पण वाच.

आधी तुझा मुख्य प्रश्न. झोपवताना दर वेळी उताणंच झोपवायचं, रात्री असो वा दुपारी, पहिला वाढदिवस होईपर्यंत. कुशीवर ठेवायचं नाही, कारण कुशीवरचं बाळ कधीही पालथं होतं. ज्या बाळाला दोन्हीकडे वळता येतं, म्हणजे पालथं पडता येतं आणि परत उताणंही होता येतं, ते झोपेत स्वतःहून पालथं झालं तर तसंच राहू द्यायचं. तुझी लेक अर्ध्या रस्त्यावर आहे. ती पालथी दिसली तर अलगद उताणी कर. पण ती वळतेय का हे बघायला गजर लावून बसायची गरज नाही. जे करायचं ते झोपण्याआधी करायचं, आणि ते सगळं तिच्या बिछान्यात आहे.

पालथं पडलेल्या बाळाच्या तोंडाखाली काय आहे, त्यावर बरंच अवलंबून असतं. फोमची मऊ गादी असेल तर नाकाभोवती खळगा होतो. बाळाने सोडलेली हवा त्या खळग्यात साचते आणि तीच ते पुन्हा आत घेतं. प्राणवायू कमी कमी होत जातो. मोठा माणूस अशा वेळी गुदमरून जागा होतो. लहान बाळ, त्यातून पालथं झोपलेलं, तितक्या सहज जागं होत नाही, त्या स्थितीत त्याची झोप जास्त गाढ असते. अंगातली उष्णताही कमी बाहेर पडते. म्हणून गादी कडक हवी. तळहात जोरात दाबून उचल. ठसा राहिला तर ती गादी बाळाची नाही. काथ्याची गादी किंवा नीट ठासून भरलेली कापसाची गादी चालेल. जुनी, मध्ये खड्डा पडलेली नको. वर मेणकापड आणि ताणून खोचलेली चादर, बास. उशी नको, लोड नको, गोधडी नको, बाहुली नको.

लोडांबद्दल आईंना समजावून सांग. त्यांचा हेतू मायेचा आहे. पण बाळ लोडाने थांबत नाही, ते लोडाकडे वळतं आणि नाक लोडात जातं. गादी आणि लोड यांच्या फटीत तोंड अडकलं की त्याला मागे घेता येत नाही. तुझ्या पलंगाची भिंतीकडची बाजूही तशीच. रात्री गादी जरा सरकते, फट पडते, आणि वळणारं बाळ त्या फटीत जातं. मला तुझ्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त भीती त्या भिंतीची वाटली.

राईची उशी डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात, माहीत आहे. त्यासाठी दुसरा उपाय आहे: आज डोकं पलंगाच्या या टोकाला, उद्या त्या टोकाला. बाळ उजेडाकडे आणि आईकडे बघतं, त्यामुळे मान आपोआप बदलते. शिवाय जागेपणी पालथं ठेवायचं. मालीशवाल्या मावशी पायांवर पालथं घालून पाठ चोळतात ना, तोसुद्धा त्यातलाच व्यायाम. दिवसातून चार-पाच वेळा सतरंजीवर पालथं ठेव, समोर तू स्वतः पालथी पड. मान आणि खांदे जितके बळकट होतील तितकं परत उताणं होणं लवकर जमेल. पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत जमतं, काहींना महिनाही लागतो.

आणखी एक लिहिते, कारण हे आमच्या विभागातून घरी जातं. कमी दिवसांच्या बाळांना आम्ही काही वेळा पालथं ठेवतो, श्वासाला सोपं पडतं म्हणून. तेव्हा त्यांच्या अंगावर मॉनिटर असतो आणि शेजारी नर्स. आईबाबा काचेतून तेच बघतात आणि घरी जाऊन तसंच झोपवतात. ज्यांची बाळं अशी दवाखान्यात राहिली आहेत त्यांनी लक्षात ठेवा: घरी आल्यावर उताणंच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धोका जास्तच असतो.

सेन्सरच्या मोज्याने बाळांचे झोपेत अचानक होणारे मृत्यू टळतात याला पुरावा नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्यासाठी तो वापरू नका असंच सांगते. तो घेऊन मन शांत होत असेल तर घ्या, पण मोजा आहे म्हणून मऊ बिछाना चालेल असं मात्र नाही.

---

सुलभाआजी
९ जुलै, संध्याकाळी ६:३०

मी राजापूरकडची. माझी तिन्ही मुलं साडीच्या झोळीत वाढली. आता नातवंडं कॉलेजात आहेत. लावणीच्या दिवसांत आंब्याच्या फांदीला झोळी बांधायची आणि खाचरात उतरायचं, बाळ दोन-दोन तास शांत झोपायचं. खाली ठेवलं तर मुंगळे, विंचू, पावसाची ओल. झोळीत बाळ वळत नाही, पडत नाही. मग झोळीला नावं का ठेवायची? दुसरं म्हणजे, दूध पिऊन उताणं झोपवलं आणि उलटी झाली तर ती घशात अडकत नाही का? आम्हाला हीच भीती घातलेली होती, म्हणून आम्ही कुशीवर ठेवायचो.

---

मिरजकरीण
९ जुलै, रात्री ९:५०

आजी, उलटीचा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी आजी विचारतेच, आणि तो विचारलाच पाहिजे. गळ्यात दोन नळ्या असतात. पुढच्या बाजूला श्वासनळी, तिच्या मागे पाठीकडे अन्ननळी. बाळ उताणं असलं की श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली येते. पोटातून आलेलं दूध श्वासनळीत जायचं तर त्याला वर चढावं लागेल. ते चढत नाही, बाळ ते गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. पालथं केलं की उलटं होतं, अन्ननळी वर आणि श्वासनळी तिच्या खाली. जगभर बाळं उताणी झोपवायला लागले त्यानंतर घशात दूध अडकून होणारे मृत्यू वाढले नाहीत. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, तेवढं पुरे.

झोळीचं म्हणाल तर तुमची झोळी ज्या कामासाठी होती ते काम ती करत होती. जमिनीपासून वर, वारा लागेल अशी, आणि हाकेच्या अंतरावर चार बाया. ऊसतोडीच्या फडात आजही तीच झोळी आहे आणि तिथे दुसरा इलाजही नसतो. रानजाईची गोष्ट वेगळी आहे. बंद खोली, रात्र, आणि वळायला शिकलेलं बाळ. झोळीत पाठ कमानीसारखी वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. लहान बाळाचा श्वासमार्ग मऊ असतो, तो तिथे दबतो. आणि ते वळलंच तर कापड तोंडाभोवती बसतं. हाताने रेटायला खाली कडक काही नसतं, रेटलं की कापडच सरकतं. आता दिवसा कोणी समोर बसून झोका देत असेल तरी डोळा लागल्यावर बाळ सपाट जागी ठेवावं. रात्री झोळी नको.

---

सुलभाआजी
९ जुलै, रात्री १०:२०

नळ्यांचं कोणी असं समजावून सांगितलं नव्हतं. ते पटलं. झोळीचं सगळं पटलं असं म्हणणार नाही, पण रात्री कोणी जागं नसतं हे खरं आहे. धाकट्या सुनेचे दिवस भरत आलेत, तिला हा धागा वाचायला देते.

---

टेम्सकाठ
१० जुलै, पहाटे १:१०

मी रेडिंगला राहते, इंग्लंडमध्ये. मुलगा आता दोन वर्षांचा आहे. इथे बाळ झालं की हेल्थ व्हिजिटर घरी येते आणि पहिल्या भेटीतच बाळ कुठे झोपतं ते प्रत्यक्ष बघते. माझी आई साताऱ्याहून हौसेने कुंची आणि दोन दुपटी घेऊन आली होती. त्या बाईंनी कुंची हातात घेऊन कौतुक केलं आणि म्हणाल्या, फोटो काढा, झोपताना काढून ठेवा. बाळ जास्तीची उष्णता डोक्यातून बाहेर टाकतं, म्हणून घरात झोपताना टोपीही नको. इथे खोली १६ ते २० अंशांत ठेवायला सांगतात. सांगलीत ते कुठून व्हायचं! पण मान आणि छाती हाताने बघायची, घामेजली असेल तर एक कपडा कमी. हातपाय थोडे गार असतातच, त्यावरून ठरवू नका.

इथे पांघरुणाऐवजी बाह्या नसलेली झोपायची पिशवी घालतात, हात बाहेर मोकळे. थंडीच्या दिवसांत फार उपयोगी. तिथे पावसाळ्यात एक सुती झबलं पुरेल.

रानजाई, एकाच बाजूला वळता येणाऱ्या बाळाबद्दल मलाही मिरजकरीण म्हणतात तेच सांगितलं होतं. दिसलं तर उताणं करा, त्यासाठी रात्र जागू नका. मी तरी पहिला आठवडा जागलेच. तुझं मन मला कळतं.

ही सगळी शिस्त आली कुठून, हे मला नंतर वाचून कळलं. १९७०-८० च्या दशकांत इथे आणि युरोपात डॉक्टरच सांगायचे की पालथं झोपवा. आणि झोपेतले मृत्यू वाढले. १९९१ मध्ये टीव्हीवरच्या निवेदिका ॲन डायमंड यांचा तान्हा मुलगा सेबॅस्टियन असाच झोपेत गेला. न्यूझीलंडमध्ये पालकांना उताणं झोपवण्याचा सल्ला आधीच दिला जात होता. हे कळल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटी इथे सरकारी मोहीम सुरू झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला, १९९४ मध्ये तिथे देशभर मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळ पाठीवर. मी हे वाचून मुलाला जवळ घेऊन रडले होते, त्या आईसाठी.

---

केतकी_डोंबिवली
१० जुलै, सकाळी ८:३०

आपल्याकडच्या दोन गोष्टी अजून कोणी लिहिल्या नाहीत. गळ्यातला काळा दोरा, ताईत, दृष्टमणी. बाळ वळायला लागलं की हे कशात तरी अडकतं आणि गळ्याला काचतं. आमच्याकडे सासूबाईंनी स्वतःच दृष्टमणी गळ्यातून काढून पाळण्याच्या बाहेर, वरच्या कडीला बांधले. बाळाच्या हाताला लागणार नाहीत एवढे उंच.

दुसरं म्हणजे टांगता पाळणा. वळणारं बाळ एका बाजूला गेलं की हलका पाळणा कलतो. तळ सपाट हवा, झोका थांबवायचा खटका हवा, दांड्यांमध्ये सहा सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. आणि ते हातांवर जोर देऊन उठायला लागलं की तो पाळणा बंद, वर टांगलेल्या चिमण्याही काढायच्या.

---

आशाताई_गावाकडची
१० जुलै, रात्री ८:४५

मी गावातली आशा स्वयंसेविका आहे. बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत आम्ही घरी जातोच, नंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यालाही जातो. तिसऱ्या महिन्याच्या भेटीत मी आता वजन-लसीच्या गप्पा झाल्या की विचारते, बाळ झोपतं कुठे, दाखवा. कारण पालथं पडायचे दिवस जवळ आलेले असतात.

इथले बरेच जण वेगळी गादी म्हणता. आमच्याकडे एका खोलीत सहा माणसं झोपतात. बाळ आईच्या कुशीतच असतं, रात्री दोन-तीनदा पाजायचं असतं. मी कोणाला रागवत नाही. एवढंच सांगते: बाळ आईच्या एका बाजूला, नवऱ्याच्या आणि आईच्या मध्ये नको, मोठ्या भावंडाजवळ नको. आईची उशी आणि वाकळ बाळाच्या तोंडापासून लांब. घरात दारू किंवा विडी पिणारा असेल, किंवा आईने झोप येणारं औषध घेतलं असेल, तर त्या अंथरुणात बाळ नकोच. जन्माला अडीच किलोच्या आत होतं किंवा नववा महिना पुरा व्हायच्या आत जन्मलं, तरी नको. अशा वेळी बाजूला सतरंजीवर घट्ट गादी, आईच्या हाताच्या अंतरावर.

---

मिरजकरीण
१० जुलै, रात्री ११:००

आशाताई, हेच खरं काम. तज्ज्ञांचा सल्ला आहे की आईच्याच खोलीत पण वेगळ्या सपाट जागी, निदान सहा महिने. अचानक होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक याच सहा महिन्यांत होतात, पहिल्या चार महिन्यांत सर्वाधिक. पण ज्या घरात ते जमणार नाही तिथे गप्प राहण्यापेक्षा तुम्ही सांगता ते शंभरपट बरं. एक भर घालते: बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पेंगू नका. अंथरुणात पाजताना डोळा लागण्यापेक्षा सोफ्यावर लागणं कितीतरी जास्त वाईट. पाजायला बसलात आणि झोप येतेय असं वाटलं तर आधी गादीवर या.

---

रानजाई
११ जुलै, दुपारी ४:००

सगळ्यांचे खूप आभार. आईला मिरजकरीण यांचं पोस्ट मोठ्याने वाचून दाखवलं. फोमच्या बिछान्यावर हात दाबून बघितला, ठसा तसाच राहिला. आई काही बोलली नाही, उठली आणि लोड माळ्यावर टाकून आली.

गादी आजच खाली घालतेय. एक अडचण आहे: डास. छत्रीची मच्छरदाणी काढली तर रात्रभर फोडून काढतील, आणि डेंग्यूची भीती. आणि लहान बाळाला अगरबत्तीचा धूर द्यायचा नाहीये.

---

नवा_बाबा
११ जुलै, संध्याकाळी ५:१०

चौकोनी मोठी मच्छरदाणी घ्या, दोघी आत झोपाल अशी. चारी कोपरे उंच बांधा, खालचा घेर मोठ्या सतरंजीखाली खोचा. बाळाच्या गादीपासून जाळी सगळीकडे हातभर लांब राहिली पाहिजे. छोट्या छत्रीत बाळ वळलं की तोंड थेट जाळीला लागतं, डासही तिथेच चावतात आणि वळता वळता ती छत्रीसुद्धा उलटते.

---

रानजाई
२१ जुलै, सकाळी ६:५०

दहा दिवसांनी लिहितेय. भावाने बाजारातून काथ्याची गादी आणली, दोन इंचांची. खाली मोठी सतरंजी, वर मेणकापड आणि चादर, वर चौकोनी मच्छरदाणी, शेजारी माझी गादी. पहिल्या तीन रात्री दुपट्याशिवाय फार वाईट गेल्या, ती दर तासाला दचकायची. चौथ्या रात्री साडेतीन तास सलग झोपली. काळा दोरा आईने स्वतः कापला आणि देवाजवळ ठेवला. मोजा मागवला नाही.

मावशी रोज मालीशनंतर तिला पालथं ठेवून समोर पितळी वाटी वाजवतात. शुक्रवारी वाटीकडे बघता बघता तोल गेला आणि ती पालथीची उताणी झाली. स्वतःच घाबरली. मग दिवसभर तोच खेळ.

काल रात्री मला दोनदा जाग आली. दोन्ही वेळा ती पालथी, मान उजवीकडे, मूठ गालाशी. पाठीवर हात ठेवला, श्वास चालू होता, तशीच राहू दिली. तिसऱ्यांदा तिनेच उठवलं, भुकेने.